एक कॅसेट, दोन बाजू

गेल्या मे महिन्यात डोंबिवलीतली आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची होती. माळ्यावरचं सामान खाली काढताना बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे निघाले. आत बाबांच्या कॅसेट. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई म्हणाली, "वाजवायला यंत्र कुठाय आता? भंगारवाल्याला देऊन टाक." मी देणारही होते. वरचीच एक कॅसेट सहज हातात घेतली, तर तिच्यावर बाबांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, "शाळा. गुरुपौर्णिमा ९४. बाई." एवढंच.

या बाई कोण, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. आपल्या शाळेत बाई पुष्कळ होत्या; पण नुसतं "बाई" म्हटलं की गाण्याच्या बाई. त्यांनी लेखात नाव घालू नको असं सांगितलंय, म्हणून मीही नुसतं बाईच लिहिते.

जुलै १९९४ मध्ये आपण आठवीत होतो. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, बाहेर धो धो पाऊस होता आणि वरचे पत्रे वाजत होते. एरवी प्रार्थना, समूहगीत आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी यांपुरत्याच आपल्याला माहीत असलेल्या बाई त्या संध्याकाळी दीड तास गायल्या. आपल्यापैकी कोणाला काय कळलं असेल, देव जाणे. मला स्वतःला नंतर मिळालेला बटाटेवडा तेवढा आठवत होता. बाबा मात्र टू-इन-वन आणि वायरचा माइक घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. कॅसेट सी-९०, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. त्या दोन बाजूंवर मिळून आपल्या शाळेच्या इतिहासातली एक संध्याकाळ उतरली आहे. ती पुन्हा ऐकू कशी आली आणि तिच्यातलं किती सगळ्यांसमोर मांडायचं हे कसं ठरलं, ते सांगायचं आहे. पण त्याआधी थोडं मागं जावं लागेल, कारण बाबांसारखी माणसं टेप घेऊन पहिल्या रांगेत का बसत, हे त्याशिवाय कळणार नाही.

कल्याणची गायन समाज ही संस्था १९२६ सालची. तिच्या देवगंधर्व महोत्सवाला आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. देवगंधर्व म्हणजे भास्करबुवा बखले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे गुरू; १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत स्वयंवर’च्या चाली त्यांच्या. १९२२ साली ते गेले. भारतात ध्वनिमुद्रिका काढायला १९०२ सालीच सुरुवात झाली होती. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग त्या वर्षी कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. म्हणजे भास्करबुवांच्या हयातीत वीस वर्षं हे तंत्र देशात होतं, तरी त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज आपल्याकडे नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ तर १९४६ पर्यंत होते. त्यांचंही नाही. ज्यांच्या नावाने आपल्याकडे महोत्सव होतात, घराणी सांगितली जातात, त्यांचं गाणं आपण शिष्यांच्या गळ्यातून आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणींतूनच ओळखतो.

ज्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांचंही गाणं पुरतं मिळालं असं नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावत. ज्या रागाला मैफलीत तास-पाऊण तास दिला जाई तो तेवढ्यात बसवायचा. आलाप आखडता घ्यायचा, दोन-चार ताना घ्यायच्या, शेवटी आपलं नाव सांगायचं. काही कलावंतांनी त्या साडेतीन मिनिटांतही सोनं केलं, पण गायकाने राग सावकाश कसा उलगडला, समोरच्या दादीने त्याला कुठे खुलवलं, हे तबकडीत येणं शक्य नव्हतं.

लांब ध्वनिमुद्रण शक्य झालं ते चुंबकीय फितीमुळे. हे तंत्र जर्मनीत १९३०च्या दशकात तयार झालं. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी लुडविग्सहाफेन इथे थॉमस बीचम यांनी लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचं संचालन केलं, आणि तो कार्यक्रम फितीवर उतरवला गेला. संपूर्ण वाद्यवृंदाची मैफल फितीवर घेण्याचा जगातला तो पहिला मोठा प्रयोग मानला जातो. युद्धानंतर ही यंत्रं जगभर पसरली. आपल्याकडे आधी ती आकाशवाणीत आणि मोजक्या हौशी श्रीमंतांच्या घरी असत. सात इंची स्पूल, बारा किलोचं यंत्र, उचलायला दोन माणसं. १९६३ साली फिलिप्सने छोटी कॅसेट आणली. पुढच्या वीस वर्षांत ती इतकी स्वस्त झाली, की बँकेतल्या कारकुनालाही हप्त्यावर टू-इन-वन घेता यायला लागला. आमच्या घरचा तसाच आला.

आता आपल्या रेल्वेमार्गाकडे बघा. पं. राम मराठे ठाण्याचे. लहानपणी प्रभातच्या ‘गोपाळकृष्ण’मध्ये कृष्ण झालेले, पुढे मैफली आणि संगीत नाटक दोन्ही गाजवणारे, ‘मंदारमाला’चे संगीतकार. १९८९ साली ते गेले. आज ठाण्यात त्यांच्या नावाने महापालिकेचा समारोह होतो. पं. गजाननबुवा जोशी डोंबिवलीत राहत. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतलेले गायक, आणि वर नामवंत व्हायोलिनवादक. १९८७ साली ते गेले. पं. उल्हास कशाळकर या दोघांकडेही शिकले. एकाच लोकलच्या दोन स्थानकांवर असे दोन गुरू होते आणि आपण त्याच फलाटांवर शाळेची दप्तरं घेऊन उभे होतो, हे मला चाळिशीनंतर कळलं.

या दोघांच्या बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या कामाच्या मानाने मोजक्या. त्यांचं लांबरुंद गाणं आज ऐकायला मिळतं त्याचं श्रेय बरंचसं आकाशवाणीला आणि मैफलीत टेप घेऊन बसणाऱ्या श्रोत्यांना आहे. गायकाची परवानगी घ्यायची, माइक तंबोऱ्यापासून जरा लांब ठेवायचा, घरी जाऊन वेष्टनावर राग आणि तारीख लिहायची, आणि एखाद्या जिवलग मित्राला प्रत करून द्यायची. प्रतीवरून प्रत, त्यावरून आणखी प्रत. दर वेळी खरखर थोडी वाढायची, पण गाणं पुढं जायचं. अशा संग्रहांना पुढं काही जाणत्यांनी आधार दिला. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसचे सुरेश अलूरकर यांनी मोठ्या कंपन्यांनी बाजूला ठेवलेल्या कलावंतांच्या कॅसेट काढल्या. मुंबईत सत्यशील देशपांडे यांनी संवाद फाउंडेशनमार्फत जुन्या गायकांचं गाणं आणि बोलणं जमवलं. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून मुंबईतून काम करते. सुरेश चांदवणकर यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं खपून लिहिलं, बोललं, ऐकवलं. या सगळ्यांच्या कामाचा कच्चा माल बहुतेक वेळा कुणाच्या तरी माळ्यावरून आला.

माळ्यावरून गाणं निघण्याची गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. जॅझमधले दोन मोठे कलावंत, थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन, २९ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकत्र वाजवले होते. व्हॉइस ऑफ अमेरिकेने त्याचं ध्वनिमुद्रण केलं, फिती अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेल्या आणि २००५ सालापर्यंत तिथे नुसत्या पडून राहिल्या. फिती प्रतिरूपित करताना एका कर्मचाऱ्याच्या नजरेला नाव पडलं, म्हणून त्या सापडल्या. दुसरी गोष्ट तर आपल्याला आणखी जवळची आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या शाळेत सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने याच मंकची मैफल भरवली. शाळेच्या शिपायाने सांगितलं, मी पियानो सुरात लावून देतो, मला फक्त ध्वनिमुद्रण करू द्या. त्याने केलेली ती फीत २०२० साली प्रसिद्ध झाली आणि जगभर ऐकली गेली. शाळेचा हॉल, हौशी मुलगा आणि यंत्र चालवणारा शिपाई. हे वाचल्यावर मी बाबांचा डबा भंगारात द्यायचा विचार सोडला.

पण ठेवायचं ठरवलं म्हणजे वाजलं असं नाही. त्या कॅसेटची दशा काय होती ते नीट सांगते, कारण तुमच्याही घरी अशीच एखादी असेल. आपल्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरली होती. कॅसेटच्या तोंडाशी फितीला मागून दाबून धरणारा कापडी ठिपका असतो, तो गळून पडला होता. तो नसेल तर आवाज दबका आणि थरथरता येतो. मी घाई केली असती तर बुरशी यंत्राच्या हेडला लागली असती आणि फीत चुरगळली असती. त्यामुळे आधी स्क्रूची एक रिकामी कॅसेट मिळवली आणि फीत हलक्या हाताने तिच्यात बसवली. कल्याणला जुन्या टेपरेकॉर्डरची कामं अजून करणारे एक काका भेटले. त्यांनी डेकचे रबरी पट्टे बदलले, हेड अल्कोहोलने पुसलं आणि हेडचा बारीक स्क्रू फिरवून तो फितीला सरळ आणून दिला. तो स्क्रू पाव फेरा फिरल्याबरोबर तंबोऱ्याच्या तारांची झण्ण ऐकू आली. माझ्या अंगावर काटा आला. काकांनी मात्र शांतपणे विचारलं, "दुसरी बाजू पण बघायची ना?"

त्यानंतरचं काम माझ्या धंद्यातलं. पहिली प्रत कसलीही सफाई न करता घ्यायची, असा या क्षेत्रातला नियम आहे. ध्वनिसंग्रहालयं चोवीस बिट आणि शहाण्णव किलोहर्ट्झ या मापाने प्रत घेतात, मीही तशीच घेतली. एका वाहिनीचा तासभराचा आवाज साधारण एक जीबी होतो. आजच्या फोनमध्ये एवढी जागा लग्नाच्या एका व्हिडिओला जाते. सफाई करायची ती नेहमी त्या प्रतीच्या प्रतीवर. ती करताना मी पहिल्या फटक्यात मोठी चूक केली. खरखर काढायच्या सॉफ्टवेअरला पत्र्यावरच्या पावसाचा आवाज खरखरच वाटला. त्याने पाऊस काढला आणि त्याबरोबर तानांच्या शेपट्या आणि तंबोऱ्याची आसही नेली. बाई एखाद्या बंद डब्यात गायल्यासारख्या वाटायला लागल्या. मी सगळं पुसून पाऊस परत आणला. तो त्या संध्याकाळचा भागच होता, आणि बाई गात होत्या मियाँ मल्हार.

पुढचा प्रश्न वेगाचा होता. जुन्या यंत्रांवर फीत थोडी जलद किंवा मंद चालते आणि सगळा स्वर वरखाली सरकतो. माझ्या प्रतीत बाईंचा षड्ज काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधे कुठेतरी लागत होता. विजेच्या पन्नास हर्ट्झच्या घरघरीवरून वेग काढता येतो असं पुस्तकात असतं. पण त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारताच स्थिर नसे, त्यामुळे तो हिशेब भरवशाचा नव्हता. शेवटी आपल्या वर्गातली, चारही वर्षं प्रार्थनेला पेटी वाजवणारी मैत्रीण मदतीला आली. तिने फोनवरच सांगितलं, "बाईंची काळी चार. दुसरं काही असूच शकत नाही." शाळेत ती पेटी अजून आहे. सरांनी कपाट उघडून दिलं, मी काळी चार दाबून फोनवर मुद्रित केली आणि त्या स्वराला फीत लावली. फरक तीन टक्क्यांच्या आसपास निघाला. तेवढा कमी केला आणि बाईंचा आवाज ओळखीचा झाला. आपल्याला रागावताना लागायचा तोच आवाज.

कॅसेट सुरू होते ती बाबांच्या आवाजाने. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. गुरुपौर्णिमा, शाळेचा हॉल." मग माइक ठेवल्याचा खट्ट आवाज. बाबांनी शेकडो तास दुसऱ्यांचा आवाज साठवला, पण त्यांचा स्वतःचा आवाज आमच्या घरात फक्त हा आहे. आईने तो भाग लागोपाठ चार वेळा ऐकला आणि मग उठून चहा टाकायला गेली.

पहिल्या बाजूला मियाँ मल्हारचा विलंबित आणि द्रुत ख्याल आहे. मध्ये कुठेतरी एक मुलगी कुजबुजते, "अजून किती वेळ?" ती मी आहे. मागून कुणीतरी खुदकन हसतं. ते कोण हे वर्गाच्या गटात विचारलं, तर अकरा जणांनी आपापलं नाव सांगितलं. बाई गातच राहिल्या आहेत. आज ऐकताना कळतं, की समोर दीडशे चुळबुळणारी मुलं असताना त्यांनी विलंबिताची लय एकदाही वाढवलेली नाही. तबला वाजवणारे सर कोण हे आपल्या निवृत्त शिक्षकांनी ओळखलं. पहिली बाजू द्रुत ख्यालाच्या ऐन भरात खाडकन तुटते. बाबा कॅसेट उलटी करेपर्यंतची ती वीस-तीस सेकंदं कुठेच नाहीत.

दुसऱ्या बाजूला एक नाट्यपद आहे, एक अभंग आहे आणि शेवटी भैरवी. अभंगानंतर बाई सात-आठ मिनिटं बोलल्या आहेत. त्या काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही; का, ते पुढं येईलच.

दोन्ही बाजू तयार झाल्यावर आपल्या समितीत एकच कल्पना होती. स्नेहमेळाव्यात पूर्ण दीड तास वाजवायचा आणि प्रत्येकाला प्रत द्यायची. सगळ्यांना त्या बोलण्याची विशेष ओढ होती आणि खरं सांगायचं तर मलाही. गाणं ऐकून कौतुक वाटतं, ते बोलणं ऐकून बाई पहिल्यांदा समजतात. एक जण म्हणाला, "विचारायचं काय त्यात? बाईंना आनंदच होईल. सरप्राइज देऊ." मला ते पटेना. आम्ही तिघी बाईंच्या घरी गेलो. बाईंचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे, ठाण्याला लेकीकडे असतात.

बाईंनी पहिली बाजू डोळे मिटून पूर्ण ऐकली. मधे एकदा म्हणाल्या, "इथं निषाद जरा कमी पडला." माझी कुजबुज आली तेव्हा डोळे न उघडता म्हणाल्या, "ही तूच ना गं?" मग दुसरी बाजू लावली. भैरवीत त्यांचा आवाज दोनदा फाटलाय. त्या दिवशी त्यांना ताप होता म्हणे. बोलण्याचा भाग सुरू झाला तसा त्यांनी हात वर केला. मी बंद केलं. बराच वेळ कुणीच बोललं नाही.

"पहिली बाजू वाटा सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "दुसरी नको."

आमच्यातली एक म्हणाली, "बाई, आवाज फाटला तेवढा भाग काढता येतो." बाई हसल्या. "आवाजाचं नाही गं. फाटला तर फाटला. पण ते बोलले ते त्या हॉलमध्ये बसलेल्या माणसांशी बोलले. तुमच्याशी, तुमच्या आईवडिलांशी. पाऊस होता, दारं बंद होती, म्हणून बोलले. ते आता कुणाच्या कुणाच्या फोनवर फिरायला नको." मी विचारलं, "मग पुसून टाकू का?" त्यावर त्या लगेच म्हणाल्या, "पुसू नको. तुझ्या वडिलांनी एवढ्या मायेनं घेतलंय. ठेव नीट. माझ्यामागं काय करायचं ते माझ्या लेकीला विचारा."

परतीच्या गाडीत आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं होतं, की हा ठेवा एकट्या बाईंचा नाही, शाळेचाही आहे; पन्नास वर्षांनी कुणाला यातून किती कळेल! तिचं म्हणणं खोटं नाही. भास्करबुवांचा एक तुकडा मिळाला असता तर आपण त्यांची परवानगी शोधत बसलो असतो का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला केसरबाई केरकर आठवल्या.

केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. आपल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण होऊ नये याबद्दल त्या किती कडक होत्या, हे गाणाऱ्यांच्या जगात सर्वश्रुत आहे. आपण गाऊ ते समोर बसलेल्यांसाठी, हे त्यांचं म्हणणं. नियतीचा खेळ असा, की १९७७ साली अमेरिकेने सूर्यमालेबाहेर जाणारी व्हॉयेजर यानं सोडली, तेव्हा त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत भारतातून एकच गाणं निवडलं गेलं, ते केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. ‘व्हॉयेजर-१’ हे यान ५ सप्टेंबरला उडालं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, ध्वनिमुद्रण होतं म्हणून आवाज ताऱ्यांपर्यंत गेला. मला त्यात दुसरंही दिसतं. जी भैरवी गेली ती केसरबाईंनी स्वतः ध्वनिमुद्रिकेसाठी म्हणून गायलेली होती. मैफलीला त्यांनी नाही म्हटलं, त्या तीन-साडेतीन मिनिटांना हो म्हटलं. हो आणि नाही, दोन्ही त्यांचंच होतं.

कायद्यालाही हे कळायला वेळ लागला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे सादरकर्ते म्हणून हक्क आले ते १९९४ च्या दुरुस्तीने, योगायोगाने आपल्या कॅसेटच्याच वर्षी. ते आधी पंचवीस वर्षांसाठी होते, १९९९ मध्ये पन्नास वर्षांचे झाले. पण आपल्या बाबतीत कायद्याची पुस्तकं उघडायची वेळ येऊ नये. बाई आहेत, त्यांना विचारता येतं, त्यांनी सांगितलंय.

या सगळ्यातून मी एक शिकले. जतन करणं आणि वाटणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण ती एकाच दमात उरकतो. जतन करायला कुणाची वाट बघू नये, कारण फीत वाट बघत नाही. वाटण्याआधी मात्र थांबावं. दिल्लीजवळ गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ पासूनचं ध्वनिसंग्रहालय आहे. अशा ठिकाणी ध्वनिमुद्रण ठेवताना कोण ऐकू शकेल, कधी, कशासाठी, याच्या अटी लिहून घेण्याची पद्धत असते. आम्हीही तेच केलं. दुसऱ्या बाजूच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत. सोबत एक कागद: कधी, कुठे, कोणी घेतलं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, आणि बाईंची अट, त्यांच्या सहीने. बाबांनी वेष्टनावर चार शब्द जास्त लिहिले असते तर आम्हाला दोन महिने कमी लागले असते. तरी त्यांनी जेवढं लिहिलं तेवढ्याने ती कॅसेट भंगारातून वाचली, हेही खरं.

आता तुम्हा सर्वांना एक विनंती. घरी जुन्या कॅसेट असतील तर हाताला लागेल त्या यंत्रात घालून लगेच वाजवू नका. आधी बुरशी बघा, कापडी ठिपका बघा. कॅसेट उन्हात ठेवू नका, स्पीकरजवळ ठेवू नका. वेष्टनावर जे काही लिहिलंय त्याचा आधी फोटो काढा, आणि ज्यांना आठवतंय त्यांना आजच विचारून लिहून ठेवा, कारण आठवणीची फीत कॅसेटच्याही आधी झिजते. यंत्र माझ्याकडे आहे, कल्याणचे काकाही आहेत. आणा, आपण मिळून करू. एखादी एकांकिका, स्नेहसंमेलनाचा वाद्यवृंद, एखाद्या सरांचं निरोपाचं भाषण, कुणाकडे काय निघेल सांगता येत नाही.

स्नेहमेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर, त्याच हॉलमध्ये, आपण पहिली बाजू ऐकणार आहोत. पंचेचाळीस मिनिटं. बाईंची तब्येत बरी असेल तर त्या येणार आहेत. हॉलवर आता पत्रे नाहीत, पक्का स्लॅब आहे. पण पाऊस कॅसेटमध्ये आहे. द्रुत ख्याल मध्येच तुटेल तेव्हा "पुढं काय?" असं कृपा करून कुणी विचारू नका. आणि माझ्यासाठी एवढं करा: सुरुवातीला एक माणूस "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणेल, तेव्हा बोलू नका. ते माझे बाबा आहेत.